चीज, चोरीस आणि तीस तासांचा प्रवास: गरमागरम पार्टी-डिप कसं करायचं (भाग लिखित स्वरूपात)

ज्यांना इयरफोन सापडत नाहीयेत किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी हा भाग वाचायला. बोलताना मी शंभरदा "म्हणजे बघा" म्हटलंय, त्यातले नव्वद काढलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय. करून बघायचं असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, मापं मध्येच येतील.

००:४० – झालं काय

डिसेंबरची गोष्ट. माझ्या लहान भावाला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी गच्चीवर छोटी पार्टी करायची ठरली. घरचे आणि मित्र मिळून चौदा जण. माझी मामेबहीण पणजीला असते. ती म्हणाली, "ताई, मी गोव्याचे सॉसेज आणते, तू ते चीजचं गरम डिप कर, रील्समध्ये दाखवतात ते." मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

ती गाड्या बदलत बदलत वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवर उतरली तेव्हा प्रवासाला तीस तास झाले होते. बॅग उघडली. आत दोन वस्तू. एक, दुकानातलं प्लास्टिकचं सीलबंद पाकीट, त्यावर छापलेलं की फ्रिजमध्ये ठेवा. दुसरी, बाजारातून घेतलेली चोरीसची माळ. लालभडक, कडक, दोऱ्यात ओवलेली. पाकीट फुगलं होतं. थोडंसंच, पण उशीसारखं.

आता चौदा माणसं येणार. त्यात माझी वहिनी सहा महिन्यांची गरोदर, शेजारची दोन लहान पोरं. बहिणीने एवढ्या लांबून, स्वतःच्या पैशाने आणलेलं. टाकायचं की वाढायचं? आजचा भाग खरं तर याच प्रश्नावर आहे. डिप त्याच्या पोटात येतं.

०२:३० – चोरीस म्हणजे काय

चोरीस हा डुकराच्या मांसाचा गोव्यातला सॉसेज. मांस आणि चरबीचे तुकडे, भरपूर मीठ, लाल मिरची, लसूण, मसाले आणि माडाच्या ताडीपासून केलेला व्हिनेगर. काही जण फेणीही घालतात. हे सगळं मुरवायचं, आतड्याच्या नळीत भरायचं, गाठी मारायच्या आणि उन्हात किंवा चुलीच्या धुरावर वाळवायचं.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढे १९६१ पर्यंत ते तिथे होते. सॉसेजची पद्धत त्यांच्याकडची. मिरचीसुद्धा मुळात अमेरिकेची, तीही त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली. गंमत अशी, की तिकडे स्पेनच्या लोकांनी हाच चुलतभाऊ सॉसेज मेक्सिकोला नेला. तिथे वितळलेल्या चीजवर तो परतून घालतात आणि मक्याच्या पोळीबरोबर खातात. त्याला म्हणतात केसो फुंदिदो, म्हणजे वितळलेलं चीज. आपण आज जे करणार आहोत ते त्याचंच भंडाऱ्याला आलेलं रूप.

०४:०० – मीठ नक्की काय करतं

मांस खराब होतं ते जिवाणूंमुळे, आणि जिवाणूंना पाणी लागतं. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, आणि जे उरतं तेही जिवाणूंना वापरता येत नाही. व्हिनेगर आंबटपणा वाढवतो, तोही त्यांना मानवत नाही. ऊन आणि धूर उरलंसुरलं पाणी काढतात. म्हणजे एकच भिंत नाही, तीन-चार कुंपणं एकामागे एक. लिंबाच्या लोणच्याचं किंवा आपल्या उन्हाळ्यातल्या वाळवणाचं गणित हेच आहे.

कारखान्यातल्या सॉसेजमध्ये आणखी एक कुंपण असतं, सोडियम नायट्राइट. त्याने गुलाबी रंग टिकतो आणि एक फार वाईट जिवाणू थोपवला जातो. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज! जर्मनीत सॉसेज खाऊन माणसं मरत होती, तेव्हा युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी १८२०च्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरूनच या आजाराला पुढे हे नाव मिळालं.

हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो. सीलबंद पाकिटात हवा नसते. म्हणून मीठ कमी, ओलावा जास्त आणि फ्रिजही नाही, असं पाकीट उघड्यावरच्या कडक माळेपेक्षा जास्त धोक्याचं. आणि याच्या विषाला दरवेळी वास येईलच असं नाही. "वास घेऊन बघ, ठीक वाटतंय का" हा सल्ला इथे कामाचा नाही.

०६:१० – आजीची परीक्षा

मी हे सगळं बहिणीला मोबाईलवर वाचून दाखवत होते. आजी बाजूला तांदूळ निवडत बसलेली. तिने माळ हातात घेतली, फिरवली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच हाये वं."

आपला जिल्हा तलावांचा. मामा तलाव तर प्रत्येकाला माहीत आहेत, माजी मालगुजारी तलाव. तलावातली बारीक मासोळी मीठ लावून वाळवायची हे तिने लहानपणापासून केलेलं. तिचा नियम एकच: "मोडली तं वाळली, वाकली तं नाई." कट्कन मोडली तर डब्यात, वाकली तर परत उन्हात. यामागे विज्ञानच आहे. वाकते म्हणजे आत पाणी आहे.

मग ती आणखी एक गोष्ट बोलली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. तिच्या लहानपणी वस्तीत मांसाच्याही पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायचे. सगळं एका दिवसात संपायचं नाही, फ्रिज कुणाकडे होता? पण कुणी पाहुणा येताना दिसला की आधी दोरी उतरवायचे. लोक नाक मुरडतील म्हणून. मी तिला विचारलं, "मग आता हे गच्चीवर मधोमध ठेवायचं तर चालेल?" ती हसली. "याले इंग्रजी नाव हाये ना."

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक आहे, २०१५चं. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या स्वयंपाकाबद्दल. त्यात अशा वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांबद्दल, चान्यांबद्दल लिहिलंय. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. मिळालं तर वाचा. इटलीच्या हॅमला आपण 'क्युअर्ड मीट' म्हणतो आणि आजीच्या दोरीवरच्या पट्ट्यांना काहीच म्हणत नाही, उतरवून ठेवतो. मीठ तेच, ऊन तेच. त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

०८:२० – निर्णय

फुगलेलं पाकीट टाकलं. कुत्र्यालाही घातलं नाही. पिशवीत गुंडाळून, बांधून कचऱ्यात. बहिणीचा चेहरा उतरला, मलाही वाईट वाटलं. पण चौदा माणसांच्या पोटाशी खेळून पैसे वसूल होत नसतात.

माळ ठेवली. ती मुळातच फ्रिजशिवाय, उघडी टांगून विकतात. हाताला कडक होती, चिकट नव्हती, बुरशी नव्हती, प्लास्टिकमध्ये कोंडलेली नव्हती. पण लक्षात ठेवा, चोरीस वाळवलेला असला तरी कच्चाच असतो. सलामीसारखा थंड खायचा नाही. पूर्ण शिजवायचा.

वहिनी आणि पोरांसाठी वेगळं डिप केलं, ताज्या चिकन खिम्याचं. गरोदरपणात असल्या टिकवलेल्या मांसाच्या बाबतीत धोका पत्करू नये. शिवाय दोन मित्र डुक्कर खात नाहीत, तीन जण मांसच खात नाहीत. म्हणजे तीन वाट्या, तीन चमचे आणि प्रत्येकीसमोर कागदावर ठळक नाव. न सांगता कुणाच्या ताटात काही घालायचं नाही, हा पार्टीचा पहिला नियम.

०९:४५ – चीज फाटतं का?

पार्टीच्या आदल्या दिवशी मी प्रयोग केला. नुसतं मोझरेला, मोठी आच, कढई. पाच मिनिटांत खाली रबराचा चेंडू आणि वर तेलाचं तळं. भाऊ म्हणाला, "याला सायकलच्या ट्यूबला लाव."

कारण असं. चीज म्हणजे प्रथिनांची जाळी आणि त्यात अडकलेली चरबी, पाणी. मंद उष्णतेवर जाळी सैल होते, चीज वितळतं. आच जास्त झाली की जाळी आकसते, पाणी आणि चरबी पिळून बाहेर टाकते. एकदा असं झालं की ढवळून फारसं सुधारत नाही.

उपाय दोन. पहिला, आपलं साधं प्रोसेस्ड चीज, क्यूबवालं. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते प्रथिनं आणि चरबी एकत्र धरून ठेवतात. ही युक्ती १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी काढली. चीजचे शौकीन क्यूबला नावं ठेवतात, पण डिपमध्ये तोच कामाला येतो. दोन भाग प्रोसेस्ड, एक भाग मोझरेला. मोझरेला तार देतं, प्रोसेस्ड सगळ्यांना धरून ठेवतं.

दुसरा उपाय स्टार्च. पुस्तकात कॉर्नफ्लोर लिहितात. आपण धानाच्या जिल्ह्यातले, तांदळाचं पीठ घरात असतंच. दुधात शिजवलेलं पीठ दाट होतं आणि प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. चव चांगली लागते, गाठीही कमी होतात.

११:३० – करायला घ्या

ही मापं एका मोठ्या वाटीची, पाच-सहा जणांसाठी.

चोरीस १५० ग्रॅम. प्रोसेस्ड चीज २०० ग्रॅम, मोझरेला १०० ग्रॅम, दोन्ही घरीच किसा. दूध १ कप. तांदळाचं पीठ दीड टेबलस्पून. घट्ट चक्का १०० ग्रॅम, म्हणजे फडक्यात बांधून टांगलेलं दही. एक कांदा, चार लसूण पाकळ्या, थोडी मिरपूड. मीठ घालू नका. चोरीस आणि चीज दोन्ही खारट असतात.

पहिली पायरी. चोरीसची साल काढा, आतलं मांस मोकळं करा. कढईत अर्धा कप पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर १५–२० मिनिटं शिजवा. पाणी आटलं की त्याच्याच चरबीत कांदा-लसूण परता. लाल तेल जास्त सुटलं तर दोन चमचे ठेवून बाकीचं काढून घ्या. ते फेकू नका, दुसऱ्या दिवशी अंड्यात घाला.

दुसरी पायरी. तांदळाचं पीठ आधी थंड दुधात कालवा, मग गॅसवर ठेवा. ढवळत राहा. दाट झालं की गॅस बंद. बंदच! आता चक्का घाला, मग चीज मूठ-मूठ घालत ढवळा. आधीची मूठ विरघळली की पुढची. सगळ्यात शेवटी चोरीस मिसळा आणि थोडा वरून घालायला ठेवा.

तिसरी पायरी, भाजणं. ओव्हन असेल तर १८० अंशांवर १५–१८ मिनिटं, कडेला बुडबुडे येईपर्यंत. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या. तळाला कपभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग स्टीलच्या भांड्यातलं डिप आत ठेवा आणि १५–२० मिनिटं झाकून ठेवा. यात वरून रंग येत नाही, कारण आच खालून आहे. वाटलं तर झाकणावर चार निखारे ठेवा, जुन्या स्वयंपाकघरात हेच करायचे. आतलं सगळं आधीच शिजलेलं आहे, त्यामुळे रंग नाही आला तरी बिघडत नाही. ते मीठ डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी याच कामाला.

दोन सूचना. नॉनस्टिक कढई रिकामी तापवू नका. आणि कुकर यासाठी वापरू नका, पाण्याशिवाय तापवून त्याची रिंग आणि भांडं दोन्ही जातं.

१४:५० – पितळेबद्दल, कारण तुम्ही विचारणारच

भंडारा म्हटलं की पितळ. आजीचं सुंदर पितळी भांडं आहे, मला त्यातच वाढायचं होतं. पण डिपमध्ये दही आहे, व्हिनेगर आहे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत ठेवला की तांबं-जस्त उतरतं, चव कळकते आणि पोट बिघडतं. कल्हई असेल तर चालेल का? वाढायला चालेल, भाजायला नाही. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. तापलेल्या कढईच्या तळाला तेवढं तापमान सहज होतं. म्हणून भाजायचं स्टीलमध्ये. आणि पितळी भांड्यात गरम पाणी ओतून त्यात ती स्टीलची वाटी ठेवायची. दिसतंही छान आणि डिप गरमही राहतं.

१६:०० – बाकीच्या दोन वाट्या

चिकनची वाटी: पाव किलो खिमा. सहा सुक्या मिरच्या, तीन भिवापुरी तिखटासाठी आणि तीन काश्मिरी रंगासाठी. भिवापूर आपल्या पवनीच्या शेजारीच, मिरची ताजी मिळते. लहान पोरं खाणार असतील तर भिवापुरी एकच. मिरच्या तीन टेबलस्पून व्हिनेगरमध्ये वीस मिनिटं भिजवा. त्यात सात-आठ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, चार मिरे, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर साखर घालून वाटा. खिम्याला चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग पूर्ण कोरडा आणि शिजलेला होईपर्यंत परता. चोरीससारखीच चव, पण हा टिकवलेला नाही. त्याच दिवशी करायचा, त्याच दिवशी संपवायचा.

शाकाहारी वाटी: भाजलेलं वांगं, कांदा, लसूण. वांगं विस्तवावर भाजलं की धुराचा वास आपोआप येतो. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, तेवढं बघून घ्या. मांसाहारी पदार्थावर आता तपकिरी त्रिकोण असतो.

बरोबर काय? भाजलेला पाव, गाजर, काकडी आणि तळलेले तांदळाचे पापड. पापडाने डिप उचलायची आयडिया आजीची. सगळ्यात आधी पापडच संपले.

१८:१० – तुमचे प्रश्न

*"साकोलीत चोरीस मिळत नाही, घरी वाळवू का?"*
नका. नायट्राइट घरी मोजून घालणं धोक्याचं आहे, जरा जास्त झालं तर ते स्वतःच विष. आणि पिढ्यान्‌पिढ्या जे वाळवतात त्यांना हवा, ऊन, मीठ यांचा अंदाज हाताने कळतो. व्हिडिओ बघून तो येत नाही. खिम्याची वाटी करा.

*"पार्टीत किती वेळ ठेवता येतं?"*
बाहेर दोन तास. आपल्या मे महिन्यात एकच तास. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पाणी बदलत राहिलात तर बरं. एक मोठं भांडं करण्यापेक्षा दोन लहान करा, दुसरं फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिलं संपल्यावर भाजा.

*"हे रोज खाल्लं तर?"*
रोजचं खाणं नाही हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा निष्कर्ष. वर्षातून दोन पार्ट्या वेगळ्या, रोजचा टिफिन वेगळा. बीपी असलेल्यांनी मिठाचाही विचार करा.

*"उकळलं तर फुगलेलं पाकीट वाचलं नसतं का?"*
नीट उकळल्यावर बोट्युलिनमचं विष नष्ट होतं हे खरं, पण बीजाणू मरत नाहीत. शिवाय पाकिटात आणखी काय काय वाढलंय ते आपल्याला कळत नाही. जेव्हा शंका आली तेव्हाच उत्तर मिळालं असं समजा.

२०:३० – शेवट

पार्टी झाली. तिन्ही वाट्या चाटून पुसून गेल्या, कुणाचंही पोट दुखलं नाही. वहिनी दुसऱ्या दिवशी खिम्याची रेसिपी मागत होती. भावाने पुण्याला जाताना माळेतले उरलेले चार चोरीस मागितले. मी डब्याला भोकं पाडून, कागदात गुंडाळून दिले आणि "पोहोचलास की फ्रिजमध्ये" असं तीनदा बजावलं.

बहिणीला म्हटलं, पुढच्या वेळी पाकीट नको, माळच आण. आणि आजीला विचारलं, "मासोळी वाळवशील तेव्हा मला शिकव, रेकॉर्ड करते." ती म्हणाली, "त्यात काय शिकवाचं?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच आठवण केली. उन्हाळ्यात तो भाग येईल. दोरी गच्चीवरच बांधू, आणि कुणी आलं तरी उतरवणार नाही.

तुमच्या घरी काय वाळवतात, कसं ओळखतात की वाळलं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!